वजा सहा सेंटीमीटर

"तुझी उंची सांग. सेंटीमीटरमध्ये," लॅपटॉपवरून डोळे न काढता सुनेत्राने विचारलं.

शिरीषचा चहाचा कप हातातच थबकला. "उंची? र्‍योकानमध्ये राहायला उंची लागते?"

"राहायला नाही रे, घालायला. तिथे सगळ्यांनी त्यांचाच सुती झगा घालायचा, युकाता. जेवायलासुद्धा तोच. मापाचा काढून ठेवतात म्हणे."

"एकशे सत्तर," शिरीष म्हणाला आणि घाईने बिस्किट चहात बुडवलं. ते कपातच राहिलं.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जपानमधल्या अशा जुन्या धाटणीच्या पाहुणघरात, चटईवर गादी घालून झोपायचं, हे सुनेत्राच्या फार दिवसांपासून मनात होतं. शिरीषच्या मनात मात्र पंचवीस वर्षं दुसरंच घर करून होतं. स्थळं बघताना मामांनी त्याच्या बायोडेटात ‘पाच फूट सात’ ठोकून दिलं होतं. खरी उंची पाच फूट साडेचार. लग्न झाल्यावर हे सांगायला मुहूर्त कुठला काढायचा? पुण्यात निभावलं. आता राहत होते त्या नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावात तर शेजारची शाळकरी मुलंही त्याच्याशी मान वाकवून बोलत. तिथे पाच सात काय नि पाच साडेचार काय! पण झगा काही ऐकून घेणारा नव्हता. तो पायात घोळणार, शिरीष जेवणाच्या तबकांवर आडवा होणार आणि बायकोला सगळं कळणार. तिच्या मनातून उतरण्याची त्याला खरोखर भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून त्याने चोरून र्‍योकानला फोन लावला. मालकीणबाई मोडकं, पण फार अदबीचं इंग्रजी बोलत होत्या. ‘एकशे चौसष्ट’ हा आकडा पंचवीस वर्षांत त्याच्या तोंडून बाहेर पडला नव्हता, आताही पडेना.

"आमच्याकडून जी उंची आलीय ना," तो कुजबुजला, "त्यातून सहा सेंटीमीटर वजा करा."

"वजा?" पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. "बरं. आपली तब्येत ठीक आहे ना?"

संध्याकाळी सुनेत्रा दारातच उभी. "शिरीष, तुला काही होतंय का? त्यांची मेल आलीय. साहेबांची उंची कमी होत असल्याने खालच्या मजल्यावरची खोली दिलीय. पायरीशी आधाराला माणूस उभा करणारेत. आणि झगा काढलाय एकशे अठ्ठावन्नचा, लहान मुलांच्यातला!"

"अठ्ठावन्न कसा? सत्तरमधून सहा गेले तर..." शिरीषने जीभ चावली.

"सत्तर तू सांगितलंस. मी चौसष्टच लिहिलं होतं."

शिरीष बूट न काढताच खाली बसला. "तुला कधीपासून माहितीय?"

"बघायला आलास तेव्हापासून. आमचे बाबा पाच पाच. त्यांच्याच शेजारी उभा राहिलास की!"

"मग हो का म्हणालीस?"

"पाच सातवाले, पाच नऊवाले, सगळे येऊन गेले होते. चहा झाल्यावर स्वतःचा कप विसळून ठेवणारा तूच एकटा."

शिरीषला भरून आलं. इतकी वर्षं उगाच टाचा उंचावून जगलो, असं त्याला वाटलं.

सकाळी दोघांनी मिळून फोन लावला. "एकशे चौसष्ट," शिरीषने खणखणीत आवाजात सांगितलं.

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "आणि मॅडमची एकशे साठ, बरोबर?"

सुनेत्राने त्याच्या हातातून फोन घेतला. "पंचावन्न करा," ती हळूच म्हणाली.

शिरीष बघतच राहिला.

"बघतोस काय? मुलगी किमान पाच तीन हवी, असं तुमच्याच घरून कळवलं होतं."