चौकशीबाईंची मुलाखत

चौकशीबाईंनी तिसरी शाळाही नापास केली, तेव्हा त्यांच्या लेकीने, बिट्टीने, पायातले मोजे काढून सोफ्यावर भिरकावले आणि विचारलं, "आता हिचं काय बिघडलं?"

"जिने बघितलेस? किती उभे! पाय घसरला म्हणजे?"

"पहिल्या शाळेत जिनाच नव्हता. तीही नको म्हणालीस."

"तिथल्या मुख्याध्यापिका सारख्या शिंकत होत्या. ज्या बाईंना आपली सर्दी आवरत नाही, त्या शाळा काय आवरणार?"

"आणि दुसरी?"

दुसरीबद्दल बाईंना चटकन काही सुचेना. "तिथला चहा अगदीच पाणचट होता गं," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा आपल्या घरामागची शाळा काय वाईट आहे?"

"आई, तिथे वर्षभर विज्ञान शिकवायला कुणीच नाही!"

तर मामला असा होता. बिट्टीला पुढच्या शिक्षणासाठी चांगल्या खाजगी शाळेत जायचं होतं आणि तशा सगळ्या शाळा बाहेरगावी, वसतिगृहाच्या. पैशाची अडचण नव्हती. बिट्टीचे बाबा गेले, पण जाताना तेवढी सोय करून गेले होते. अडचण होती ती संध्याकाळची. बिट्टी गेली की त्या दोन खोल्यांत बाईंशी बोलायला घड्याळाशिवाय कुणी उरणार नव्हतं. पण हे लेकीला कसं सांगायचं? म्हणून मग जिने, शिंका आणि चहा.

आता 'चौकशीबाई' हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या दारात चौकशीची काचेची खिडकी असते ना, तिच्यामागे त्या बसायच्या. रक्त कुठे द्यायचं, फोटो कुठे काढायचा, डोळ्यांचे डॉक्टर कधी येतात, सगळं तोंडपाठ. दिवसभर शेकडो माणसं खिडकीत तोंड घालून प्रश्न विचारायची. पण 'बाई, तुम्ही कशा आहात?' हा प्रश्न आजवर एकाही पठ्ठ्याने विचारला नव्हता. या कामाने बाईंना एक खोड मात्र लावली होती. जगाला वाट दाखवणारी बाई स्वतः कुणाला वाट विचारायची नाही. मेली तरी नाही. नवऱ्याबरोबर एकदा त्या लग्नाला गेल्या आणि न विचारता भलत्याच मांडवात जेवून, आहेर देऊन परत आल्या होत्या.

चौथी शाळा बिट्टीने स्वतः निवडली, अर्जही स्वतःच भरला. बसने डोंगर ओलांडून दोघी पोचल्या. दारातच एका हसऱ्या शिक्षिकेने बिट्टीचा ताबा घेतला. "हिची परीक्षा होईल, मग मुलीच हिला वसतिगृह दाखवतील. पालकांच्या मुलाखती वरच्या मजल्यावर."

जिन्याच्या पायथ्याशी खिडकी होती आणि वर पाटी होती, 'चौकशी'. आतली तरुण मुलगी अदबीने म्हणाली, "ताई, काही विचारायचंय का?"

"मला?" बाईंना हसूच आलं. "छे गं. कळतं मला."

वर गेल्यावर पालक डावीकडे वळत होते. बाई वळल्या उजवीकडे. तिथे बाकावर त्यांच्याच वयाच्या चार-पाच बायका फायली छातीशी धरून घाबऱ्याघुबऱ्या बसल्या होत्या. आया असणार, दुसरं कोण? बाई त्यांच्या शेजारी टेकल्या आणि थोड्या वेळाने आत बोलावणं आलं.

आत मुख्याध्यापिका होत्या, करड्या केसांच्या, एकदाही न शिंकणाऱ्या. शेजारी संस्थेचे चिटणीस, पोट सांभाळत बसलेले.

"तुमचा अर्ज दिसत नाही इथे," चिटणीस म्हणाले.

"अर्ज मुलीने भरलाय. मला दाखवलासुद्धा नाही."

"हल्ली घरोघरी तेच," चिटणीसांनी मान डोलावली. "बरं, मुलींना सांभाळायचा अनुभव?"

"आहे की. अगदी जन्मल्यापासून."

"वा! पण इथे साठ मुली असतील एका छपराखाली."

"असेनात. मी दिवसाला शेकडो माणसं हाताळते. एकावरही कधी खेकसलेली नाही. एकदा खेकसलं की माणूस पुढचं विचारत नाही, आणि पुढचंच खरं विचारायचं असतं."

मुख्याध्यापिकांनी चष्मा नीट केला. "एखादी मुलगी रात्री घरच्या आठवणीने रडायला लागली, तर काय कराल?"

बिट्टीचे बाबा गेले तेव्हाचे दिवस बाईंना आठवले. "काही नाही करणार," त्या म्हणाल्या. "रडू देईन. समजूत घातली की पोरं जास्त रडतात. शेजारी बसेन आणि फ्रॉकला बटण लावत राहीन. रडणाऱ्याकडे टक लावून बघू नये हो, त्याला लाज वाटते. आपण आपलं काम करावं. थोड्या वेळाने तीच विचारते, काय करतेस म्हणून."

"आणि बटण तुटलेलंच नसलं तर?" चिटणीसांनी पेचात पकडलं.

"मग आधी तोडून घ्यायचं."

मुख्याध्यापिकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हाला मात्र इथेच राहावं लागेल हं. चालेल?"

"कुणाला? मला?"

"खोली मिळेल. जेवणखाण मुलींबरोबर."

बाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना. पालकांची इतकी काळजी घेणारी शाळा! आणि आपण उगाच शिंका मोजत फिरलो. "चालेल म्हणजे काय, धावेल!" त्या म्हणाल्या. "घरी आहे तरी कोण? आज रात्रीपासून राहते."

"आजच नको," चिटणीस खूश होऊन म्हणाले. "आता पगाराचं म्हणाल तर..."

"पगार?" बाई उभ्याच राहिल्या. "मुलीला शाळेत घालायचं, आणि वर तुम्ही मला पगार देणार?"

मग सगळं उलगडलं. ती मुलाखत वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या जागेसाठी होती. चिटणीस इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाईंचा चेहरा लालेलाल झाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

मुख्याध्यापिका मात्र हसल्या नाहीत. "बसा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून हा प्रश्न सगळ्यांना विचारतेय. कुणी शिस्त सांगितली, कुणी गोष्टी सांगेन म्हणालं. ही जागा तुमचीच, तुम्हाला हवी असेल तर. फक्त आमचा एक नियम आहे. इथं काम करणारीची मुलगी मुलींच्या खोलीत राहत नाही. आईच्या खोलीतच राहायचं. नाहीतर मग कुरबुरी होतात."

हा काय नियम झाला? ही तर चैन झाली! बिट्टी आपल्याच खोलीत, समोर, जेवणासकट. "लेकीला सांगून येते," म्हणत बाई जिना उतरल्या. उभा होता, पण त्यांच्या लक्षातही आलं नाही.

खाली बिट्टी धावतच आली. वेणी सुटलेली, गाल तापलेले. "आई! ऐक ना! एका खोलीत आठ जणी असतात! मला खिडकीजवळचा पलंग दाखवला. आणि दिवे गेले ना, तरी त्या बोलतच राहतात. रोज ओरडा खातात म्हणे, रोज!"

"बोलतात? कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल गं. आपल्याकडे दिवे घालवले की मी छताकडे बघत पडते. तू दमलेली असतेस, तुला कसं उठवणार?" बिट्टीने आवाज हळू केला. "आई, या शाळेत काही खोट काढू नकोस ना. प्लीज."

आपल्या घरात एकटं माणूस एकच आहे, असं त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या.

"वर काय विचारलं त्यांनी?" बिट्टीने विचारलं.

"काही नाही. किरकोळ. इथेच थांब."

त्या परत वर गेल्या, दोन वाक्यांत नको म्हणाल्या आणि मुख्याध्यापिका काही बोलायच्या आत बाहेर पडल्या. खाली आल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, पालकांची मुलाखत तर अजून राहिलीच. मग त्या चौकशीच्या खिडकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, काचेच्या बाहेरच्या, विचारणाऱ्यांच्या बाजूला.

"बाळ," त्यांनी घसा साफ केला, "जरा विचारायचं होतं. मुलींच्या पालकांनी कुठे जायचं असतं?"

"वर जाऊन डावीकडे, ताई," मुलगी म्हणाली. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? पाणी देऊ?"

बाईंनी पाणी घेतलं. खिडकीतून कुणी आपली विचारपूस केल्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यासाठी आपण नुसतं विचारायला हवं होतं, हे त्यांना मोठंच नवल वाटलं.

प्रवेश मिळाला आणि बिट्टी वसतिगृहात गेली. पहिल्या रविवारी फोन आला, तेव्हा बाई एकट्याच जेवायला बसल्या होत्या. ताटं चुकून दोन घेतलेली.

"आई, सगळं मस्त आहे! फक्त रेक्टरबाई भयंकर आहेत. कुणी रडलं की दिवा लावतात आणि भाषण देतात. सगळ्या म्हणतात, आधी एक खूप छान बाई निवडल्या होत्या, त्या ऐन वेळी नको म्हणाल्या. कोण येडपट असेल गं ती?"

"असेल कुणीतरी," बाई म्हणाल्या. "तू रडलीस का?"

"एकदाच. पण माझ्या शेजारची रोज रडायची. मग मी तिच्याकडे बघितलंच नाही. दिवा न लावता टॉर्चच्या उजेडात नुसती बटण लावत बसले, तू बसायचीस तशी. तुटलेलं नव्हतं, म्हणून आधी तोडलं."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"आई? आहेस ना? ऐक, आता बाकीच्याही माझ्याच पलंगावर येऊन बसतात. जरा बटणं पाठवशील?"

"किती पाठवू?" दुसरं ताट बाजूला सारत बाईंनी विचारलं.

"बरीच पाठव," बिट्टी म्हणाली. "आणि तू कशी आहेस?"