बिनवायरीचं गिरमिट

आख्ख्या पारनेर तालुक्यात स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी! बाकीचे सगळे, गाडी जरा खोकली की तिला ढकलत ढकलत गनीभाईच्या दारात नेणारे. त्यांच्याकडं बघून मला हसू यायचं.

तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली मी अर्ज लिहायला बसतो. वारसनोंद असो की बंदुकीचा परवाना, कारणं अशी एकाखाली एक मांडतो की वाचणाऱ्या साहेबाची बोलतीच बंद! आणि हा गनीभाई काय करतो? इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवतो, त्याची मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "हं." संपलं! कारण नाही, खुलासा नाही. असल्या 'हं'वर विश्वास ठेवून लोक आपली गाडी त्याच्या हवाली करतात. मेंढरं नुसती!

माझी जीप नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेली. महायुद्ध पाहिलेली, स्टिअरिंग डाव्या हाताला. तिची दुरुस्ती मी एका इंग्रजी पुस्तकावरून करत असे. पुस्तक दुसऱ्याच गाडीचं होतं, पण वाचता येणाऱ्या माणसाला तेवढ्यानं अडत नाही.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या सासूबाई गोजरबाई हिवरे बाजारहून आमच्याकडं आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस उभा आहे की म्हैस, एवढंच कळायचं, आणि तेही अंगावर आल्यावर. नगरच्या दवाखान्यात पुण्याचा मोठा डॉक्टर महिन्यातून एकदाच यायचा. गुरुवारी सकाळी दहाला त्यांचा नंबर लागला होता. चुकला की महिनाभर वाट बघा.

"आईला यष्टीत चढवत न्हाई," माझी बायको रतनबाई म्हणाली. "मागच्या खेपेला गर्दीत तिचा हात सुटला हुता."

"यष्टी कशाला? घरची जीप आहे!"

"जीपमधी मागं धरायला काय हाय? पहिल्या खड्ड्यालाच आई रस्त्यावर यायची!"

मुद्दा बरोबर होता. ड्रायव्हरच्या सीटमागं एक लोखंडी दांडी बसवली की झालं. मागं बसणाऱ्यानं ती धरायची. त्यासाठी पत्र्याला चार भोकं पाडायची. रतनबाई म्हणाली, "गनीभाईला सांगा की, घटकाभराचं काम." मी तिच्याकडं असं पाहिलं की ती पुढचं वाक्य गिळून भाकरी थापायला गेली.

ड्रिल निवडायला मी मुद्दाम नगरला गेलो. लोखंडी सामानाच्या दुकानदारानं गल्ल्यावरून न उठता एक हातानं फिरवायचं गिरमिट पुढं सरकवलं.

"हे असलं आमच्या सुताराकडं आहे!" मी म्हणालो.

"मग हे घ्या. विजेचं."

"वायर केवढी?"

"असंल चार हात."

"आमची जीप घरापासून पन्नास पावलांवर उभी असते. वायर तिथवर पोचायची कशी?"

"मग जीप घरात घ्या," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचे खिळे मोजायला लागला.

असल्या अडाण्याकडून मी काही घेणार होतो होय? त्याच दिवशी मेव्हण्याला मुंबईला पत्र टाकलं. मच्छिंद्र गोदीत कामाला. परदेशी बोटींवरच्या लोकांशी त्याची घसट. मंगळवारी तो सुट्टी घेऊन हजर! आल्याबरोबर त्यानं पिशवीतून एक पिस्तुलासारखी वस्तू काढली.

"दाजी, बिनवायरीचं हाय! अमेरिकेचं! बॅटरी मुठीतच. चंद्रावर गेलेल्या लोकांनी असलंच नेलं हुतं!"

मी घोडा दाबला. "घुर्रर्र!" ओसरीवरची मांजर कौलावर गेली. शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं गोळा झाली. मी ड्रिल उंच धरून सगळ्यांना दाखवलं. गनीभाईनं हे जन्मात पाहिलं नसेल, असंही मोठ्यानं म्हणालो, कारण गनीभाई गर्दीतच उभा होता.

"वजन बरंच दिसतंय," तो म्हणाला.

"ताकद असते तिथं वजन असतं!" मी म्हणालो. लोक हसले. गनीभाईनं नुसती डोक्यावरची टोपी सारखी केली. बोलणार काय, डोंबल?

बुधवारी सकाळी बॅटरी भरायला घेतली. सोबत एक काळा डबा होता. त्यावर बारीक अक्षरात '११०' असं लिहिलेलं. मच्छिंद्र म्हणाला, "दाजी, हे एकशे दहा काय असंल?"

"मॉडेलचा नंबर!" मी सांगितलं. इतकी वर्षं कागद वाचण्यात घालवलेल्या माणसाला तो गोदीतला पोरगा शंका विचारतो!

प्लग लावला. "फट्ट!" डब्यातून निळा धूर निघाला, मग काळा, मग जळक्या रबराचा असा वास सुटला की रतनबाई चुलीवरचं दूध तसंच टाकून बाहेर पळाली. आमची वीज गेली. समोरच्यांची गेली. पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला आणि दळणाच्या रांगेतल्या बायका डबे तिथंच ठेवून आमच्या दारात आल्या.

"तिकडं वीज एकशे दहाची असती वाटतं," मच्छिंद्र हळूच म्हणाला. "आपल्याकडं दोनशे तीस."

"आता सांगतोस?"

"मगाशी इचारलं की!"

सुदैवानं मुठीतली बॅटरी मुंबईहूनच भरून आणलेली होती. चार भोकांना पुरेल, असा मी हिशेब केला आणि दुपारी कामाला लागलो. कालचीच सगळी मंडळी पुन्हा जमली, वर गिरणीतल्या बायका. सासूबाई जीपशेजारच्या झाडाखाली घोंगडीवर बसून ऐकत होत्या.

पहिलं भोक असं पडलं की जणू लोण्यात बोट! लोक "वा वा" म्हणाले. दुसरंही पडलं. तिसऱ्याला ड्रिलचा आवाज जरा बसला. चौथ्याला ते आजाऱ्यासारखं कण्हायला लागलं. मी दोन्ही हातांनी दाबलं. मग छाती टेकवली. मग मच्छिंद्रला म्हणालो, "मला मागून रेट!" त्यानं रेटलं. काहीतरी 'खच्च' झालं, ड्रिलचं पातं बुडापर्यंत आत गेलं आणि यंत्र बंद पडलं.

"झालं!" मी घाम पुसला.

"जावईबापू," घोंगडीवरून सासूबाई म्हणाल्या, "कायतरी ठिपकतंय."

"काही नाही मामी. तुम्हाला भास होतोय."

"मला दिसत न्हाई, ऐकू येतंय. ठिप, ठिप. आन वास बी येतोय. घासलेटावानी."

मी वाकून पाहिलं. घासलेट नव्हतं. पेट्रोल होतं!

आता, जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दर आठवड्याला ती सीट उचलून मीच पेट्रोल भरायचो. पण त्या घटकेला मी ड्रिलकडं बघत होतो, जीपकडं नाही.

मी ड्रिल उपसायला गेलो तर ठिपक्यांची धार झाली. परत आत दाबलं, धार थांबली. पुन्हा जरासं ओढलं, धार! म्हणजे चंद्रावर जाण्याच्या लायकीचं ते यंत्र आता माझ्या टाकीचं बूच झालं होतं!

"गनीभाईला बोलवू का?" रतनबाईनं विचारलं. गनीभाई गर्दीत शोधला तर तो मघाच निघून गेला होता.

"काही गरज नाही! बूच पक्कं आहे. असंच जाऊ. उद्या नगरलाच टाकी दाखवू."

"आन आई बसनार कुटं? त्या मशिनीवर?"

गुरुवारी पहाटेच मच्छिंद्र मुंबईच्या गाडीनं सटकला. आम्ही सातला निघालो. रतनबाई माझ्या शेजारी, पुढं. सासूबाई मागं. दांडीचं एकच टोक दोन भोकांवर बसवलेलं, दुसऱ्या टोकाच्या भोकात ड्रिल, त्यामुळं ती पाळण्यासारखी हलत होती. सासूबाईंनी ती सोडून दिली आणि हाताला लागलं ते ड्रिल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हे चांगलं हाय धरायला," त्या म्हणाल्या.

मला बरंच वाटलं. बूच हलायचं नाही आणि सासूबाईही पडायच्या नाहीत. एका वस्तूत दोन कामं! गनीभाईला सुचलं असतं का हे?

भाळवणी मागं टाकली आणि पुलाच्या अलीकडं एक खड्डा आला. तसा मी तो पाहिला होता, पण जीप महायुद्धातली असल्यामुळं मी खड्ड्यांची फिकीर करत नसे. धाडकन आदळली! सासूबाईंनी घाबरून मूठ आवळली. मुठीत नेमका घोडा! रात्रभर विसावा घेऊन बॅटरीला जराशी धुगधुगी आली होती. "घुर्र!" ड्रिलनं दोन गिरक्या घेतल्या आणि सटकन बाहेर आलं.

"जावईबापू, हे निघालं वो!"

मी मागं पाहिलं. सासूबाई हातात ड्रिल धरून बसलेल्या, एखाद्या फौजदारासारख्या. आणि त्यांच्या लुगड्यावर पेट्रोलची धार!

ब्रेक मारला. रतनबाईनं आईला खाली ओढलं. मी भोकाला अंगठा लावला आणि तसाच उकिडवा बसलो. शेतातली माणसं धावत आली. सगळ्यांत पुढं सहादेव नावाचा एक म्हातारा, तोंडात विडी, हातात काडीपेटी.

"काय झालं वो, पाव्हनं?" म्हणत त्यानं काडी ओढायला घेतली.

"पेटवू नका!" मी ओरडलो. "आग लागंल!" रतनबाई किंचाळली. म्हातारा दचकून काडीपेटी टाकून मागं सरला आणि बांधावरच मटकन बसला.

साडेआठ वाजले होते. दहाचा नंबर. नगर अजून कितीतरी लांब. आणि माझा अंगठा टाकीत! अंगठा काढावा तर पेट्रोल जाणार, न काढावा तर सासूबाईंचा डोळा जाणार. रतनबाई रस्त्याकडं तोंड करून उभी होती. लग्न झाल्यापासून ती माझ्यावर अनेकदा ओरडली, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या दिवशी तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मी दुसरीकडं बघायला लागलो.

तेवढ्यात पारनेरकडून दुधाची गाडी आली. क्यानांच्या मधून एक ओळखीची टोपी डोकावली. गनीभाई! सामान आणायला नगरला निघालेला.

गाडी थांबली. गनीभाई उतरला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, अंगठ्याकडं पाहिलं, सासूबाईंच्या हातातल्या ड्रिलकडं पाहिलं.

"हं," तो म्हणाला.

मी मान खाली घातली. असंही अंगठा आत असल्यावर मान वर करता येत नाही.

"वैनी, कापडं धुवायचा साबन हाय का?"

दवाखान्यात राहायचं म्हणून रतनबाईनं गाठोड्यात नवी वडी घेतली होती. गनीभाईनं ती थोडी ओली केली, हातात मळली आणि मला म्हणाला, "काढा अंगठा." मी काढला. त्यानं साबणाचा गोळा भोकात दाबून बसवला. धार बंद! चंद्राचं बूच एका बाजूला आणि रतनबाईचा साबण एका बाजूला!

"भोक टाकीच्या मधावर पडलंय," गनीभाई म्हणाला. "त्याच्या खालचं पेट्रोल ऱ्हायलंय. नगरला पुरंल."

जन्मात पहिल्यांदा त्यानं मला कारण सांगितलं, आणि मला त्यात काहीच खोट काढता आली नाही.

मी ड्रायव्हरच्या सीटकडं वळलो, तर सासूबाई म्हणाल्या, "गनीभाऊ, तू चालव."

"मामी, मी आहे की!"

"तुमी मागं बसा. ते मशिन धरायला कुनीतरी पायजे."

मी मागं बसलो. सासूबाई पुढं, रतनबाई माझ्या शेजारी, तोंड दुसरीकडं करून. गनीभाईनं एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही. दहाला पाच कमी असताना आम्ही दवाखान्यात पोचलो.

पण दारातच नर्सबाईनं नाक दाबलं. "हा वास कसला? आत स्टोव्ह पेटलाय! आधी यांना आंघोळ घाला, साबण लावून!"

"साबन टाकीत हाय," रतनबाई म्हणाली.

नर्सबाईला त्याचा अर्थ लागेना. मी कारणं एकाखाली एक मांडून खुलासा करायला लागलो, तर दुसऱ्याच कारणाला तिनं मला फाटकाबाहेर काढलं. तोवर गनीभाई समोरच्या दुकानातून साबणाची वडी घेऊन आलासुद्धा! सासूबाईंचा नंबर तेवढ्यापायी सगळ्यांत शेवटी टाकला, पण ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, झकास झालंय.

दहाव्या दिवशी पट्टी सुटली. जाड भिंगांचा चष्मा आला. मी जीप धुऊन, टाकीचं भोक झाळून, पक्का डाग देऊन न्यायला गेलो. डाग कुणी दिला ते विचारू नका.

सासूबाई दवाखान्याच्या पायऱ्या एकट्या उतरल्या. त्यांनी झाड पाहिलं, टांगा पाहिला, रतनबाईचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मग जीपपाशी आल्या. तिच्याभोवती एक फेरी मारली. चाकं पाहिली, लोंबणारी दांडी पाहिली, पत्र्यातली चार भोकं पाहिली, आणि शेवटी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रतन," त्या म्हणाल्या, "पारनेरची यष्टी किती वाजता हाय गं?"

"मामी, आता सगळं पक्कं केलंय!" मी म्हणालो.

"केलं असंल. दिसत न्हवतं तवर बसले, जावईबापू. आता दिसतंय मला!"

दोघी मायलेकी यष्टीत चढल्या. मी यष्टीच्या मागं मागं धूळ खात रिकामी जीप हाकत निघालो. मागच्या खिडकीतून सासूबाई सारख्या हात हलवत होत्या. म्हटलं, चला, राग गेला! मीही हात हलवला.

भाळवणीला यष्टी थांबली तेव्हा कळलं, त्या मला जरा लांबून चालवा असं सांगत होत्या.