कुंकवाचं बटण

सिलेंडरवाल्याने नेमका त्याच वेळी हॉर्न दिला नसता, तर रमाकांतरावांच्या हातून त्यांची होणारी विहीण मेली नसती. त्यांनी ठरवलं होतं ते एवढंच, की बायको, स्नेहलताबाई, फाटकापर्यंत जाऊन येईतो तिचा फोन धरून बसायचं. लोणारच्या एका शाळेत उभी हयात लिपिक म्हणून काढलेल्या माणसाला साधा फोन धरता येऊ नये, असं कोणाला वाटेल? (स्नेहलताबाईंना वाटलं होतं. पण घरातला गॅस संपला होता.)

आता त्या फोनात काय चाललं होतं ते सांगायला हवं. फोनात हळदीकुंकू चाललं होतं.

कुठल्याशा परदेशी कंपनीने एक खेळ काढला आहे. त्यात माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. शेवटी उरेल तो जिंकला. कंपनीच्या मनात याहून जास्त काही नव्हतं. पण स्नेहलताबाईंच्या मेहकरच्या बहिणीने, छायाने, हा खेळ पाहिला आणि तिच्या लक्षात आलं, की यात ओळखीच्या बायकांपुरती वेगळी खोली उघडता येते, फुकट बोलता येतं आणि मुख्य म्हणजे कोणाचं घर दिसत नाही. व्हिडिओ कॉल म्हटला की आधी पसारा आवरा, साडी बदला, भिंतीचे पोपडे दिसणार नाहीत असं बसा. इथे कपडे कंपनीच घालून देते. तेव्हापासून लोणार, मेहकर, दुसरबीड, जळगाव जामोदच्या बायका रोज दुपारी जेवणं आटोपली की विमानातून उड्या टाकायच्या आणि एका पडक्या गच्चीवर गप्पा मारत बसायच्या. आजवर त्या गच्चीवर एकही गोळी सुटली नव्हती.

संक्रांत झाली आणि हळदीकुंकूही तिथेच ठरलं. पिवळा धूर सोडणारा बॉम्ब मिळतो, ती हळद झाली. मलमपट्टीची पेटी हे वाण. (पडलेल्या वस्तू लुटायची सोय खेळात होतीच, त्यामुळे वाण लुटायला काही अडलं नाही.) कुंकवाचं मात्र अडलं होतं. तेही छायानेच सोडवलं. बंदुकीला लेझर लावला की नेम धरू तिथे लाल ठिपका पडतो. तो समोरच्या बाईच्या कपाळावर धरायचा आणि नमस्काराचं बटण दाबायचं. झालं कुंकू.

त्या दिवशी गच्चीवर जळगाव जामोदच्या सुवर्णाताई होत्या. त्यांचा शंतनू आणि रमाकांतरावांची प्रतीक्षा यांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, येत्या रविवारी ठरलं होतं. सुवर्णाताई मानपानाला कडक. चहा गार दिला म्हणून त्यांनी आधीचं एक स्थळ मोडलं होतं, असं रमाकांतरावांच्या कानावर होतं. आणि प्रतीक्षाने इतकी मुलं नाकारल्यावर पहिल्यांदाच कोणाला तरी हो म्हटलं होतं. हे स्थळ हातचं गेलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने रमाकांतराव विहीणबाईंना जपून असायचे.

स्नेहलताबाई नेमक्या सुवर्णाताईंना कुंकू लावत असताना हॉर्न वाजला.

“हे धरा,” त्या म्हणाल्या. “ठिपका कपाळावरच राहू द्या. अन् उजव्या हाताचं बटण दाबू नका.”

“काऊन?”

“नका दाबू सांगतलं ना!”

रमाकांतरावांनी ठिपका धरला. अगदी मनापासून धरला. पण सुवर्णाताई जरा हलल्या आणि ठिपका भुवईवर आला. मानपानवाल्या बाईला भुवईवर कुंकू! त्यांनी घाईघाईने ठिपका वर घेतला, आणि त्या घाईत उजवा अंगठा दाबला गेला.

धाडकन आवाज झाला. सुवर्णाताई नाहीशा झाल्या, त्यांच्या जागी एक लाकडी खोकं उरलं, आणि सगळ्या बायकांच्या फोनात पाटी आली, की स्नेहलता यांनी सुवर्णा यांना डोक्यात गोळी घालून ठार केले. खाली कंपनीने अभिनंदन केलं होतं.

रमाकांतराव फोन घेऊन अंगणात धावले.

“अवं, विहीणबाई गेल्या!”

स्नेहलताबाई गाडीमागे सिलेंडरवाल्याशी वजनावरून भांडत होत्या, त्यांना काही ऐकू गेलं नाही. ऐकलं ते शेजारच्या मोतीरामतात्यांनी. त्यांनी ओट्यावरून उठून डोक्यावरची टोपी काढली.

“कव्हा गेल्या?”

“आत्ताच.”

“कशानं?”

“डोक्यात गोळी लागली.”

“अरे बाप! कोणं मारली?”

“मीच. कुंकू लावत होतो.”

मोतीरामतात्या पुन्हा खाली बसले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, “जाऊ द्या साहेब. बाई मनानं लय चांगली होती.” (त्यांनी बाईंना कधी पाहिलंही नव्हतं. पण गेलेल्या माणसाबद्दल दुसरं काय बोलायचं?)

“चांगली कुठची, तात्या?” रमाकांतरावांना राहवलं नाही. मेलेला माणूस खेळातून गेला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. “रोज उठून नवीन मागणं. मामीले साडी, मामीच्या जावेले साडी! पोराचे केस मागं चालले, तरी मी चार लोकात त्याले राजबिंडा म्हणतो. पोरीले आवडला म्हणून ऐकून घेऊन राह्यलो, नाही तर अशा बाईले...”

“बोला इवाई, बोला,” फोनमधून विहीणबाई व्याह्यांना म्हणाल्या.

रमाकांतरावांनी फोनकडे पाहिलं.

“तुम्ही गेल्या नाही का?”

“गेली ना. पण इथं मेलेल्याले मारणाऱ्याच्या खांद्यावरून सगळं दिसते अन् सगळं ऐकू येते. कंपनीनं तशी सोय करून ठेवली.”

मोतीरामतात्यांनी टोपी घातली, घरात गेले आणि आतून कडी लावली.

रमाकांतरावांना खरंच रडू फुटलं. “विहीणबाई, माझा राग पोरीवर नका काढू,” ते म्हणाले. “मले काय बोलायचं ते बोला.”

मग सुवर्णाताई म्हणाल्या, “माफी मागाची असन तर आपल्या फोनात खेळ घ्या अन् नव्या डावात गच्चीवर या. समोरासमोर मागा.”

खेळ रमाकांतरावांच्या फोनात उतरला. तोवर आत आलेल्या स्नेहलताबाई आपला फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. रमाकांतराव विमानातून उडी टाकून तळ्यात पडले, पोहत काठाला लागले आणि धापा टाकत गच्चीवर पोचले. समोर सगळ्या बायका ओळीने उभ्या होत्या. त्यांनी हात जोडायचं बटण शोधलं आणि नाचायचं दाबलं.

“चुकलं, विहीणबाई,” म्हणत ते नाचत राहिले. थांबायचं बटण त्यांना सापडेना.

“स्नेहल,” सुवर्णाताई म्हणाल्या, “कोणतं म्हणली होती तू?”

“उजव्या हाताचं.”

आणि त्या गच्चीवर पहिल्यांदाच बायकांनी कंपनीच्या वस्तू कंपनीला अपेक्षित होत्या तशा वापरल्या. छायाने तर दोनदा वापरल्या.

रमाकांतरावांचं खोकं झालं. आता त्यांना सुवर्णाताईंच्या खांद्यावरून हसणाऱ्या बायका दिसत होत्या.

“लय बरं वाटलं,” सुवर्णाताई म्हणाल्या. “राग गेला बाई माझा.”

“मग रविवारचं पक्कं ना?” दुसरबीडच्या एकीने विचारलं.

“रविवारचं काय? साक्षगंध तर आपण मागच्या शुक्रवारीच इथं करून टाकलं. पोरगा-पोरगी दोघंही होते.”

“भाऊजीले सांगतलं?” छायाने बहिणीला विचारलं.

“राहूनच गेलं,” स्नेहलताबाई म्हणाल्या.

“मीही आमच्या घरी नाही सांगतलं,” सुवर्णाताई म्हणाल्या. “ रविवारी दोघं इवाई बसतीन, घासाघीस करतीन. साड्या कोणाले पाह्यजे? पण काही मागतलंच नाही तर गडीमाणसांले स्वतः काही ठरवल्यासारखं वाटत नाही.”

“पण मले...” रमाकांतराव म्हणाले.

“छाया, इवाईचा आवाज बंद करता येते का?”

“हाव. त्यांच्या नावावर बोट ठेवा.”

रमाकांतराव त्यानंतर पुष्कळ बोलले. घराण्याची रीत, बापाचा अधिकार, साड्यांमागचं तत्त्व, सगळं मुद्देसूद आणि न अडखळता. शेवटी त्यांनी विचारलं, “मग, काय म्हणणं आहे तुमचं?”

फोनमधून उत्तर आलं नाही. स्वयंपाकघरातून आलं.

“कोणाशी बोलून राह्यले हो एवढं? जरा हळू बोला, आम्ही पोरीच्या लग्नाचं ठरवून राह्यलो.”