लग्नाचा बार आणि श्रवणखाते

कुलदैवत राज्याचे रक्षण करो. लिहिणाराचे आधी करो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमास, ते समयी एका राज्याचे वर्तमान ऐसे. तेथे राजा नाही. प्रजाच धनी, बोटास शाई लावून कारभारी नेमिते. पूर्वसाली पेठेत स्फोट होऊन चौदा माणूस ठार जाहाले, आणि प्रजा भयभीत होऊन म्हणो लागली, "आमचे फोन ऐका, पण जीव राखा." मग श्रवणखाते स्थापिले. छापखान्याचे मालक भानुदासराव हिंगमिरे, यांचा सख्खा भाऊ त्या स्फोटात गेला होता. ते भरसभेत म्हणाले, "ज्याच्या मनात पाप नाही, त्याला भय कशाचं?" आणि सर्वांआधी कौल दिला.

मग रावांनी कन्या केतकी इचे लग्न योजिले, आणि भावकी मोडता घालील या धास्तीने व्याह्यांशी फोनवर हळूच बोलिले, "आता लांबण नको. रविवारी बार उडवूनच टाकू. माणसं पाचशे धरा. सामान शनिवारी पोचतं करतो. पण कुणाला बोलू नका." बार उडवणे म्हणजे लग्न उरकणे, हे पोरासोरांस ठाऊक. परंतु खात्यात ऐकणारे यंत्र. त्यास बार ठाऊक, लग्न नाही. आणि शनिवारी शिपाई आले, आणि राव हळदीच्या मांडवातून उचलिले, आणि अक्षता व बुंदीचे डबे जप्त जाहाले.

ठाण्यात राव काकुळतीस आले, "साहेब, बार म्हणजे लग्न हो!" साहेब माणूस सज्जन. म्हणाले, "मला कळतंय, काका. पण तुम्हांला सोडलं आणि खरंच काही उडालं, तर त्या चौदा घरांना मी काय तोंड दाखवू?" राव मंगळवारी सुटले, तो मुहूर्त गेला होता, आणि व्याह्यांचा निरोप आला की शिपाई आले त्या घरी सोयरीक नाही. केतकीने अंगची हळद धुतली. आम्हांस फार वाईट वाटले.

पुढे सभेने प्रजेस पुसले, खाते ठेवावे की मोडावे? केतकी म्हणाली, "बाबा, आता काय सांगणार?" रावांनी फोन तांदळाच्या डब्यात पुरला, खिडकी लाविली आणि तिच्या कानात सांगितले.

तात्पर्य, जीव राखावा तर जीभ जाते, जीभ राखावी तर जीव टांगणीस. राव काय बोलिले ते आम्हांस ऐकू आले नाही. खात्यास आले असेल.