बागमहालीं ललकारी बंद पडली त्याची हकीकत

ज्याच्या दारीं नौबत नाहीं, चोपदार नाहीं, त्या निवांत स्वरूपास दंडवत घालून घडलें तैसें लिहिलें असे. शके सतराशें एकेचाळीस, प्रमाथी नाम संवत्सर, वैशाखी पौर्णिमेस महाराजांचे चित्तीं विरक्ति उपजली, आणि नगराबाहेरील बागमहाल, जेथें वडिलांनीं नाचबैठका केल्या, तो सिंहलद्वीपींच्या भदंत सुमेधांस ध्यानाकरितां दिधला. महालाचे दारीं सुभानजी भालदार. कोणी थोर उंबरठा ओलांडितां ललकारी द्यावी, एक चुकली तरी वतन जावें, ऐसी सनद. महाल दिधला, आणि सनद फिरवावयाचें विसरले! थोरांचें विस्मरण, गरिबाचें मरण.

मग पहिले दिवशीं चाळीस साधक डोळे मिटून बसले, आणि भदंत आंत येतांच सुभानजी गरजले, "आस्ते कदम, निगाह रखो!" चाळीसही दचकून उठले, एकाची पगडी कारंज्यांत पडली. भदंत रागें भरते तर बरें होतें, ते हंसून बोलिले, "भालदारजी, ललकारी मनांत द्यावी." सुभानजी म्हणाले, "मनांतले मांडे खाऊन कोणाचें पोट भरलें, स्वामी? वतन गेलें तर लेकरांनीं काय खावें?" भदंत पुन्हा हंसले. आठ दिवस ऐसेंच. भिंतीशीं भांडतां येतें, हंसत्या माणसाशीं काय कपाळ भांडावें? सुभानजी जेरीस आले, आणि मग महाराजांकडे अर्जी केली, आणि महाराज स्वतां निवाड्यास निघाले.

मेणा दारीं उतरला, सुभानजींनीं काठी सरसावली, छाती भरून श्वास घेतला, तों दृष्टि आंत गेली. साधकांत, मागल्या दारानें येऊन बसलेली, त्यांचीच बायको गोजराबाई! संधिवातानें वर्षभर विव्हळणारी बाई भिंतीस टेकून निवांत बसली होती, कपाळीं आठी नाहीं. सुभानजींचा श्वास छातींतच राहिला. महाराज उंबरठा ओलांडून गेले. वतन बुडालें म्हणोन सुभानजी मटकन खालीं बसले.

महाराज परतले आणि हळूच बोलिले, "सुभानजी, बरें केलेंत. तीस वर्षें आमचे कान किटले होते. तुमचें मन मोडेल म्हणोन बोलिलों नाहीं. आतां गप्प राहण्यावर वतन चालेल." आनंद व्हावा, तों सुभानजींच्या अंगाचा तिळपापड जाहला! तीस वर्षें घसा फोडिला तो याकरितां?

तेव्हांपासोन ते दिवसा महालीं मौन धरितात, आणि सांजेस घरीं गाई गोठ्यांत शिरतां एकेकीचें नांव घेऊन ललकारी देतात. येणेंप्रमाणें वतन राहिलें, महालीं शांतता राहिली, आणि घरीं त्या ललकारीनें गोजराबाईंचे गुडघे पुन्हा दुखों लागले.