बॅटरी चार्जिंगचे सहा नियम

अपघात माणसाच्या हातून होतो, पण सुरक्षितता त्याच्या सहीतून येते. आमच्या खात्याने हे फार पूर्वीच ओळखलं. म्हणून आमच्याकडे आग विझवायची नळकांडी दोन आणि सह्यांची रजिस्टरं चौदा आहेत.

खात्याच्या जीपची बॅटरी दर सोमवारी मान टाकते. ती चार्ज करताना कुणाला इजा होऊ नये म्हणून सुरक्षा समिती नेमली गेली. समितीने चार बैठका घेतल्या (पैकी एक प्रत्यक्ष गॅरेजमध्ये, तिथे खुर्च्या नसल्याने ती लगेच संपली) आणि सहा नियम मंजूर केले. टाइप मी केले, हे सांगताना मला अभिमान वाटतो. पत्रक असं:

१. चार्जिंग हवेशीर जागी करावे. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो (खिडकी उघडण्यासाठी अर्ज करावा).
२. डोळ्यांवर चष्मा घालावा (संरक्षक, वाचायचा नव्हे).
३. लाल चिमटा बॅटरीच्या प्लस टोकाला आणि काळा चिमटा बॅटरीपासून लांब, गाडीच्या उघड्या लोखंडाला लावावा.
५. जवळपास विडी-सिगारेट ओढू नये (अधिकाऱ्यांनीसुद्धा).
६. काम झाल्यावर हात धुवावेत.

दोनशे बारा जणांनी 'वाचले व समजले' असं लिहून सही केली. सरासरी वेळ चार सेकंद. एका हुशार कारकुनाने तर रजेवरच्या मेहुण्याच्या वतीनेही समजून घेतलं. फक्त जीपचा ड्रायव्हर ओळीखाली बोट फिरवत वाचत बसला. मागे रांग खोळंबली.

"साहेब, यात एक..."

"आधी सही, मग शंका," मी म्हटलं. त्याने केली.

सोमवारी त्याने खिडकी उघडली (अर्ज मंजूर होता), चष्मा घातला, चिमटे बरोबर लावले, विडी खिशातच ठेवली. बॅटरी भरल्यावर त्याने चार्जर चालू असतानाच लाल चिमटा ओढला. ठिणगी उडाली आणि बॅटरी फुटली. चष्म्यामुळे डोळे वाचले. भुवयांबद्दल पत्रकात काही नव्हतं, त्या गेल्या. हात त्याने नियमाप्रमाणे धुतले.

चौकशी बसली. आरोप: चिमटे लावण्या-काढण्याआधी चार्जर बंद न करणे, म्हणजेच नियम चारचा भंग. शिक्षा: बडतर्फी. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"चार नंबर कागदावर आहेच कुठे, साहेब? तेच तर सांगत होतो त्या दिवशी."

"सही तुमचीच ना?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"वर काय लिहिलंय?"

"समजले."

खरं सांगतो. साहेबांनी पत्रक एका पानात बसवायला सांगितलं होतं. एक ओळ पानाबाहेर जात होती, ती मी उडवली. आकडे मात्र समितीने मंजूर केलेले. ते बदलायला पाचवी बैठक घ्यावी लागली असती. हे सगळं मी तिथे सांगू शकलो असतो. पण मलाही घरदार आहे, मी इतिवृत्तात 'समजले' एवढंच टाइप केलं.

समिती निष्ठुर नाही. तिने ठरवलं की यादी वाचताना आणखी एकाला जरी चार नंबर नसल्याचं खटकलं असेल, तर ड्रायव्हरला सोडायचं. बाकीच्या दोनशे अकरा जणांना विचारून झालं. कुणालाच खटकलं नव्हतं. मग खात्याबाहेरचा, सुशिक्षित, वाचनाची आवड असलेला एखादा साक्षीदार पाहावा असं ठरलं. म्हणून ती यादी वर जशीच्या तशी दिली आहे.

तुम्ही ती वाचलीत आणि सरळ पुढे आलात. आता वर जाऊन बघण्यात अर्थ नाही, ड्रायव्हरचा निकाल टाइप झाला आहे. साक्षीदार म्हणून खाली सही करा.