सगळेच कच्चे लिंबू

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता की नव्हता, याला आपल्या गोष्टीत काडीचं महत्त्व नाही. डोह मात्र होता. डोहाच्या एका काठावर उंबराची गर्द सावली, दुसऱ्या काठावर नुसता तापलेला कातळ. उन्हाळाभर सावलीत कोण बसणार, हे दरवर्षी लगोरी खेळून ठरायचं. माणसं अशा वेळी कोर्टात जातात. जनावरं बिचारी अडाणी. सकाळी खेळून दुपारी मोकळी व्हायची.

लगोरी तुम्हाला ठाऊकच असेल. नसेल, तर तो मोबाईल खाली ठेवा आणि ऐका. चपटे दगड एकावर एक रचायचे. एका गटाने ते चेंडूने पाडायचे आणि पुन्हा रचायचे. तोवर दुसऱ्या गटाने चेंडू मारून त्यांना बाद करायचं. रचून झालं, की "लगोरी!" म्हणून ओरडायचं. जिंकलेल्या गटाला सावली. आणि शेवटचा दगड ज्याने ठेवला, त्याला अगदी बुंध्याशी, सगळ्यात गार जागा.

या खेळात तुंगाबाई मुंगूस पटाईत होती. तिला नुकती पिल्लं झाली होती. कातळावर ती भाजून निघतील, या धास्तीने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बुंध्याची जागा तिला हवीच होती.

पण ऐन खेळाच्या दिवशी तिच्या गटातल्या सशाचा पाय मुरगळला. गडी कमी पडला. तेवढ्यात मागून आवाज आला, "मला घेता का?"

तो निवांतराव होता. निवांतराव म्हणजे खवलेमांजर. अंगभर खवले, चाल मुंगीची, आणि कुणी जोरात शिंकलं तरी हा अंगाचा गोळा करून बसणार.

"अहो, तुम्हाला खेळता येतं का?" तुंगाबाईने विचारलं.

"नाही. पण आवडतं."

आता अशाला नाही कसं म्हणायचं? पंच होता आबासाहेब गवा. तो म्हणाला, "घ्या कच्चा लिंबू म्हणून." कच्चा लिंबू म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. तो नुसता खेळतो. त्याला चेंडू लागला तरी तो बाद होत नाही.

खेळ सुरू झाला. तुंगाबाईने पहिल्याच फटक्यात दगड उडवले. मग ती कोलांट्या मारत, चेंडू चुकवत, दगडावर दगड चढवत सुटली. तिचे गडी एकेक करून बाद झाले. शेवटचा दगड उरला आणि तुंगाबाईच्याही पाठीत चेंडू बसला.

मैदानात राहिला निवांतराव एकटा.

त्याला चेंडू लागला, तो गोळा झाला. उलगडला. दोन पावलं चालला. पुन्हा चेंडू, पुन्हा गोळा. असं करत करत त्याने तो दगड उचलला आणि जेवणाच्या पानावर लिंबाची फोड वाढावी तसा अलगद वर ठेवला.

"लगोरी," तो पुटपुटला.

"काय म्हणालास?" आबासाहेबाने विचारलं. कारण कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

गट जिंकला. बुंध्याची जागा निवांतरावाला मिळाली.

तुंगाबाईचा तिळपापड झाला. "जिवाचं रान केलं आम्ही, आणि गार जागा याला? आबासाहेब, याला खेळता तरी येतं का?"

"शेवटचा दगड कुणी ठेवला?"

"त्याने. पण..."

"मग पण कसला? रिवाज तो रिवाज."

निवांतराव वरमून म्हणाला, "ताई, तुम्ही बसा इथे." पण तुंगाबाई होती मानी. फुकटची जागा तिला नको होती. ती सावलीच्या टोकाला जाऊन बसली. तिथे दुपारी ऊन यायचं. अख्खा उन्हाळा तिने पिल्लांवर शेपटीची सावली धरली आणि एकच विचार केला. आपण नक्की कुठे चुकलो?

पुढच्या उन्हाळ्यात गट नव्याने पडायच्या दिवशी तुंगाबाई लंगडत आली.

"आबासाहेब, आता काही पूर्वीसारखं होत नाही. मला कच्चा लिंबू घ्या."

ते ऐकून सांबर पुढे आलं. "मलाही धावता येत नाही," असं सांगायला ते टेकडीवरून धावत आलं होतं. बिबट्या म्हणाला, "मला हल्ली दिसतच नाही." माकडीण तर कौतुकाने सांगू लागली, "आमच्या बाळ्याला लहानपणापासून एक गोष्ट धड जमेल तर शपथ!"

आबासाहेबाने डोकं खाजवलं. "ठीक आहे. सगळे कच्चे. पण ज्याचा नेम बसेल, तो पक्का धरला जाईल."

"मी पक्काच आहे," निवांतराव म्हणाला. गेल्या वर्षीची जागा त्याला वर्षभर टोचली होती. म्हणून थंडीभर तो एकटाच वारुळावर चेंडू मारत बसला होता.

बाकीच्यांनीही सराव केला होता. पडण्याचा.

खेळ सुरू झाला. सांबराने नेम धरला आणि चेंडू डोहात गेला. बिबट्याने मारला, तो पाठीमागे गेला. सकाळ गेली, दुपार गेली, दगड जागचे हलले नाहीत. खेळ संपेपर्यंत डोहाला तोंड लावायचं नाही, असाही एक रिवाज होता. बाद झालेल्याला तेवढी मुभा. पण बाद कोण होणार?

शेवटी निवांतरावाची पाळी आली. त्याने चेंडू मारला आणि दगड खळ्ळकन पडले! स्वतःच्या पराक्रमाने तो इतका हरखला, की गोळा व्हायचंच विसरला.

चेंडू घरंगळत विरुद्ध गटातल्या तुंगाबाईच्या पायाशी आला. हाताची सवय वाईट. तिने तो उचलला, क्षणभर तिला फार बरं वाटलं, आणि चेंडू बरोब्बर निवांतरावाच्या पोटात बसला.

"बाद!" आबासाहेब ओरडला. "पण तुंगाबाई, हा नेम?"

"छे हो! वाऱ्याने गेला."

पानसुद्धा हलत नव्हतं. पण सगळ्यांनी "वारा, वारा" म्हणून माना डोलावल्या. उद्या त्यांनाही वारा लागणार होता.

निवांतराव बाद होऊन डोहावर गेला, पोटभर पाणी प्याला आणि उंबराच्या बुंध्याशी टेकला. इकडे त्याच्या गटातला प्रत्येक जण दगड उचलायचा आणि काळजीपूर्वक पायावर पाडून घ्यायचा.

"आई, तहान लागली," तुंगाबाईची पिल्लं म्हणाली.

"थांबा रे. जिंकलो की पिऊ."

"आणि जिंकणार कधी?"

 तुंगाबाईचा स्वतःचाही घसा कोरडा पडला होता.

"या रे बाळांनो इकडे!" उंबराखालून निवांतरावाने हाक मारली. "तुम्ही कुठे खेळात आहात? पाणी गार आहे."

पिल्लं पळत गेली. तुंगाबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आबासाहेबाकडे. मग तिने चेंडू उचलला आणि मोठ्या कसबाने नेम चुकवला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जिवावर जिंकणाऱ्याला बक्षीस द्यावं की नाही, हा वाद थोरामोठ्यांचा आहे, त्यात तुम्ही पडू नका. खेळता येत असेल तर ते कुणाला कळू देऊ नका, आणि तहान लागली असेल तर आधी बाद व्हा.